जळक्या देवचावडीची उलटी पाटी

वुओंगने कोरलेलं जळक्या देवचावडीचं चित्र दिसलं की खिएम वैद्याच्या ओठांचा डावा कोपरा आपोआप वर जायचा. आणि ते चित्र दिसत नाही अशी जागा त्राम गावात उरली नव्हती. ते गावसमितीच्या कचेरीत होतं, शाळेत होतं, शिंप्याच्या दुकानात होतं. चहाच्या डब्यावर होतं. परवा तर सुनेने बाजारातून आणलेल्या टॉवेलच्या कोपऱ्यावरही ते निघालं. खिएमने त्या टॉवेलने पाय पुसले, आणि त्याला दिवसभर बरं वाटलं.

चित्रात होतं तरी काय? काळेठिक्कर खांब. खांबांच्या वर छपराऐवजी आभाळ. आणि दाराच्या चौकटीत एकाच कडीला लोंबकळणारी, अर्धी जळालेली पाटी, तिच्यावर चार जुनी हान, म्हणजे चिनी वळणाची, अक्षरं. हनोईहून माणसं बस करून यायची. गोरी माणसंसुद्धा यायची. चित्रापुढे मान तिरकी करून उभी राहायची आणि उसासे टाकायची. ही देवचावडी धडधाकट उभी होती तेव्हा तिच्यासाठी कोणी उसासा टाकला नव्हता. तेव्हा लोक तिच्या पडवीत म्हशी बांधायचे आणि कौलं गळतात म्हणून वर्गणी मागितली की परसात जाऊन लपायचे. राख झाल्यावर मात्र ती सुंदर झाली. माणसांचंही असंच असतं, पण निदान माणसाच्या राखेचे कोणी टॉवेल छापत नाही.

चित्राखाली छापलेलं असायचं : ‘शत्रूने जाळलेली देवचावडी’. हे वाचून तर खिएमला उचकी लागायची. शत्रू कसला? गावानेच पेटवली होती ती. फ्रेंच पलटण दुओंग नदी ओलांडून आली तर देवचावडीतच ठाणं मांडेल, म्हणून वडीलधाऱ्यांनी देवाची मूर्ती हलवली, त्याची माफी मागितली, चहूबाजूंनी पेंढा रचला आणि काडी लावली. पलटण आलीच नाही. ती दुसऱ्या रस्त्याने निघून गेली. एवढी मोठी फजिती कोण कशाला छापील? उरलेले दगड पुढे सहकारी सोसायटीने भात वाळवायच्या खळ्यासाठी उचलून नेले, आणि मग देवचावडी कशी होती हे सांगायला वुओंगचं चित्र तेवढं राहिलं.

पण खिएमचा ओठ वर जायचा तो यासाठी नव्हे. त्या पाटीवरची चारही अक्षरं उलटी होती. आरशात दिसावीत तशी. ठशाचं चित्र म्हटलं की कागदावर सगळं उलटून उमटतं. म्हणून लिहिलेला कागद लाकडावर उपडा चिकटवायचा, अक्षरं लाकडात उलटी कोरायची, म्हणजे छापल्यावर सरळ येतात. हे ठसे कोरणाऱ्यांच्या घरात रांगत्या पोरालाही माहीत असतं. वुओंग ठसे कोरणाऱ्यांच्याच घरातला. त्याच्या बापाने उभ्या जन्मात नववर्षाच्या चित्रांतली डुकरं आणि कोंबड्या छापल्या, त्यातली एक कोंबडी चुकून उलट्या दिशेला चालली नाही. आणि मुलाने, ज्याला लोक आता कलामहर्षी म्हणत होते, पाटीच उलटी छापली. गावात हान अक्षरं वाचता येणारा एकटा खिएम उरला होता. बाकीचे त्या अक्षरांपुढे हात जोडायचे. ती उलटी असली काय नि उताणी असली काय, त्यांना सारखीच पवित्र.

खिएमला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. देवचावडी जळाली त्या वर्षीचा हिवाळा. खिएम तेव्हा ऐन तरुण, वडिलांच्या पडवीत औषधाची मुळं कापत बसलेला. आत वडील, दिएन गुरुजी, खोकत पडलेले. वुओंग त्यांच्याकडे अक्षरं शिकायला यायचा, तेव्हा तो मिसरूडही न फुटलेला पोरगा होता. तो आतून आला, हातात ओला छाप. त्याने तो खिएमपुढे धरला. खिएमने पाहिलं, अक्षरं उलटी. तो ओठाच्या कोपऱ्यातून हसला, ‘छान’ म्हणाला आणि कागद परत दिला. पोरगा उगाच थोडा घुटमळला आणि गेला. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, “वुओंगचं चित्र पाहिलंस?” खिएम म्हणाला, “पाहिलं, बाबा.” वडील म्हणाले, “मग झालं,” आणि कुशीवर वळले. त्याच हिवाळ्यात ते गेले.

वडिलांनी याचं नाव ठेवलं खिएम, म्हणजे नम्र. नाव ठेवताना बाप फार दूरचं बघू शकत नाहीत.

तेव्हापासून खिएमने ती चूक जिभेखाली खडीसाखरेसारखी ठेवली होती. वुओंगला बक्षीस मिळालं, तो हसला. वुओंगचं चित्र हनोईच्या संग्रहालयात लागलं, तो हसला. एका जपानी माणसाने त्यावर लांबलचक लेख लिहिला, तेव्हा तर त्याने स्वतःसाठी तांदळाची दारू गरम करायला सांगितली. सांगायचं कशाला? सगळे मूर्ख आपापल्या आनंदात होते आणि खिएम त्याच्या.

हा आनंद गावसमितीच्या अध्यक्षाने, तानने, संपवला.

देवचावडी पुन्हा बांधायला सरकारची परवानगी मिळाली होती आणि पाच-सहा महिने गावात करवतीचा आवाज चालू होता. एके दिवशी सकाळी तान खिएमच्या घरी आला. खिएमने याचा लहानपणी डांग्या खोकला बरा केला होता, त्यामुळे तान त्याच्यापुढे अजून पाय जुळवून बसायचा.

“वैद्यकाका, परवा पाटी चढवायची. तुम्ही यायचं. सगळ्या गावापुढे ती मोठ्याने वाचायची आणि देवाला नवस बोलायचा. तुमच्याशिवाय कोण वाचणार?”

“कोणती पाटी?”

“तीच की. आपल्या गुरुजींची. दिएन आजोबांच्या हातची अक्षरं, मूळ जशी होती तश्शी. वुओंगकाकांच्या चित्राचा फोटो काढला, त्यावर चौकोन आखले, मोठी केली आणि कोरली. फणसाचं लाकूड आहे. बघाल तर डोळ्यात पाणी येईल.”

खिएमने चहाचा पेला खाली ठेवला. “चला बघू,” तो म्हणाला.

सुताराच्या छपरीत पाटी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली होती. लाल लाखेवर सोनेरी अक्षरं. सोनं अजून ओलं होतं. सुताराने फार मन लावून काम केलं होतं. दिएन गुरुजींचा कुंचला जिथे थांबून वळायचा तिथे त्याने तो थांबवून वळवला होता, जिथे शाई सुकत जाऊन रेघ फाटायची तिथे रेघ फाडली होती. सगळं होतं. सगळं उलटं होतं. बापाची सही दुसऱ्याच्या डाव्या हाताने केलेली पाहावी तसं खिएमला झालं, आणि या वेळी त्याचा ओठ वर गेला नाही.

गुरुजींचं दुसरं काहीच राहिलेलं नव्हतं. त्यांचे सगळे कागद देवचावडीतल्या पेटीत असायचे, कारण घरापेक्षा तिथे उंदीर कमी. पेटी हलवायची राहून गेली. देव वाचला, अक्षरं गेली.

“आलं ना पाणी?” तान म्हणाला.

त्याच दुपारी खिएमने समितीची बैठक बोलवायला लावली. कचेरीत पंखा गरगरत होता, भिंतीवर अर्थातच ते चित्र होतं, आणि चित्राखाली वुओंग स्वतः बसला होता. म्हातारा झाला तरी केस काळेभोर, डोक्यावर तिरपी फ्रेंच टोपी, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. ज्यांच्या भीतीने देवचावडी जाळली त्यांचीच टोपी, असं खिएमच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

“तान,” खिएम म्हणाला, “ती पाटी वाच.”

“काका, मला येत असतं तर तुमच्या दारी कशाला आलो असतो?”

“मलाही येत नाही.”

तानने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

“आरसा आणा, मग वाचतो. उलटी आहे ती. चारही अक्षरं उलटी. त्यातलं ‘थोर’ हे अक्षर तेवढं दोन्हीकडून सारखं दिसतं, म्हणून त्याची लाज राहिली. ‘सरळ’ या अक्षराचे मात्र तुम्ही तीनतेरा वाजवलेत.”

“पण चित्रात तशीच आहे,” खजिनदार म्हणाला.

“चित्रात उलटी आहे.”

“चित्र संग्रहालयात आहे, काका,” तान समजावणीच्या सुरात म्हणाला. जणू संग्रहालयात गेलेली वस्तू आपोआप सरळ होते.

महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, “मी काय म्हणते, पूर्वी लोक उजवीकडून डावीकडे वाचायचे ना? आणि आपण डावीकडून उजवीकडे. मग आता ती आपल्यासारखी झाली की. सोयीचंच झालं.”

“सोयीचं? तुम्हाला एक अक्षर वाचता येतं का?”

“नाही. पण कधी शिकलो तर.”

कोपऱ्यातला एक म्हातारा इतका वेळ डुलक्या घेत होता, त्याने डोळे उघडले. “देव कुठे बसतो? आत. मग बाहेरून उलटी म्हणजे आतून त्याला सरळ दिसेल. देवाचं बघा, माणसांचं काय?”

“पाटी फणसाची आहे,” खिएम म्हणाला. “काचेची नाही.”

“देवाला काय फरक पडतो,” म्हातारा म्हणाला आणि पुन्हा डुलकी घेऊ लागला.

मग सगळ्यांनी वुओंगकडे पाहिलं. वुओंगचे कान लाल झाले होते. त्याने मफलर सारखा केला, घसा खाकरला, आणि खिएमकडे न बघता खिडकीबाहेर बघत म्हणाला, “ते जाणूनबुजून आहे.”

“काय जाणूनबुजून?”

“अक्षरं. जे जळालं त्याच्याकडे आपण सरळ बघू शकत नाही. आठवण म्हणजे आरसा. आरशात सगळं उलटं दिसतं. कलाकार म्हणून मला... तेच दाखवायचं होतं.”

मग तानने टाळी वाजवली, खजिनदाराने वाजवली, बाईंनी तर डोळे पुसले. हे वाक्य माहितीपत्रकात घालायचं असं तिथल्या तिथे ठरलं. पाटी आहे तशीच चढवायची, आणि वैद्यकाकांनी ती वाचण्याआधी आठवणीच्या आरशाविषयी दोन शब्द बोलायचे, असंही ठरलं.

खिएम उठला. “ठसे कोरणाऱ्याच्या घरी जन्मून डावं-उजवं कळलं नाही हे कबूल करायला तोंड लागतं,” तो म्हणाला. “आठवण म्हणजे आरसा म्हणायला नुसती टोपी पुरते.” आणि तो निघून आला. मागे कोणीतरी म्हणालं, वय झालं आता वैद्यकाकांचं. ते त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं होतं.

घरी सून, लुआ, शेवाळासारख्या बारीक हिरव्या पाल्याची जुडी निवडत बसली होती. लुआ विधवा होती, सासऱ्याच्या औषधांचं दुकान तीच चालवायची, आणि त्याला घाबरत नाही असं गावात एकच माणूस होतं ते म्हणजे ती. त्याने तिला सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं ते त्यांच्या आवाजासकट करून दाखवलं. ती हसली. मग तिने विचारलं, “बाबा, अक्षरं उलटी आहेत हे तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“म्हणजे माझ्या जन्माच्या आधी.”

“हो, मग?”

“मग इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“त्याने विचारलं नाही.”

“रोगी दारात आला की तुम्ही त्याने विचारायची वाट बघता का? लांबूनच जीभ बघून त्याला ओरडता, एवढं चरबट खाऊ नकोस म्हणून.” तिने पाल्याची देठं बाजूला केली. “तुम्हाला ते उलटंच हवं होतं. वुओंगकाकांना हसायला. आता आजेसासऱ्यांचं अक्षर गावाच्या दारावर उलटं लागणार, तुम्ही आहात तोवर उलटं आहे म्हणून ओरडणार, आणि तुमच्यानंतर तेच सरळ ठरणार. माझ्या पोरींना मी काय सांगू? पणजोबा उलटं लिहायचे?”

खिएमने तिला उद्धट म्हटलं. तिने होकार दिला आणि चूल पेटवायला गेली. तो थोडा वेळ पडवीत येरझाऱ्या घालत राहिला. त्याला राग आला होता, पण कुणाचा आला होता ते ठरवता येईना. वुओंगचा म्हणावं तर तो नेहमीचाच होता, आणि हा काही नेहमीचा राग नव्हता. शेवटी त्याने छत्री घेतली आणि वुओंगच्या घराची वाट धरली. गेल्या कित्येक वर्षांत तो त्या गल्लीत फिरकला नव्हता.

वुओंगचं घर अरुंद, उंच आणि गुलाबी होतं. पुढे बाग, आणि बागेत सिमेंटचा एक खांब, वरून मुद्दाम तुटका, काळा रंग दिलेला. पाहुण्यांना त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढता यावेत म्हणून. खिएम त्या खांबापुढे उभा राहिला आणि त्याला जरा धीर आला. ज्या माणसाने हे करून घेतलं त्याच्यापुढे आपल्याला कमीपणा घ्यायचं कारण नाही, असं त्याला वाटलं.

वुओंग ओट्यावर बनियनवर बसून गुडगुडी ओढत होता. टोपी नव्हती. टोपीखाली रंग पोचत नसावा, कारण टाळूवरचे केस पांढरे होते. त्याने खिएमला पाहिलं आणि आधी टोपी शोधली. ती सापडली नाही.

“दादा, तुम्ही? बसा. चहा ठेवू का?”

“चहाच्या डब्यावर पण तेच चित्र असेल. नको.” खिएम बसला. “वुओंग, इथे टाळ्या वाजवायला कोणी नाही. आरसा-बिरसा राहू दे. तू जाणूनबुजून केलंस म्हणतोस, ते खोटं. खरं सांग. इतकं तरी सांग, की तू विसरलास. मग मी तानला सांगतो, आणि पाटी पुन्हा कोरून घेतो.”

“विसरलो नाही.”

“ठसेवाल्याचा पोर, आणि कागद उपडा चिकटवायचा विसरला नाहीस?”

“नाही, दादा.” वुओंगने गुडगुडी बाजूला ठेवली. आता तो बैठकीतल्यासारखा बोलत नव्हता. “जाणूनबुजून केलं हे खरंय. आरसा खोटा. आज तुम्ही सगळ्यांसमोर पकडलंत, तोंडाला आलं ते बोललो. त्यांना आवडलं, त्याला मी काय करू? त्यांना काहीही आवडतं. तो बागेतला खांबसुद्धा आवडतो.”

“मग का केलंस?”

वुओंग उठून आत गेला. आत बराच वेळ काहीतरी सरकवल्याचे आवाज आले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कापडात गुंडाळलेला लाकडाचा जाड तुकडा होता. त्याने तो ओट्यावर ठेवला आणि कापड सोडलं. मूळ ठसा. इतक्या वर्षांच्या शाईने काळाकुट्ट झालेला, कडा झिजलेल्या. खांब, आभाळ, चौकट, लोंबकळणारी पाटी. आणि पाटीवर चार अक्षरं. खिएमने वाकून पाहिलं. लाकडावर ती सरळ होती. सरळ, थोर, उजेड, निर्मळ. कुंचला थांबलेला, वळलेला, रेघ फाटत गेलेली, सगळं जिथल्या तिथे.

“गुरुजींनी पातळ कागदावर लिहून दिलं होतं,” वुओंग म्हणाला. “अंथरुणात बसून. पाटी जळून खाली पडली होती आणि मला चित्रात ती हवी होती, म्हणून मीच मागितलं. हात थरथरायचा त्यांचा, तरी लिहिलं. मी घरी आलो, ठशाला खळ लावली. कागद उपडा घालायला घेतला आणि घालवेना. गुरुजींचं अक्षर असं तोंडावर पालथं पाडायचं? लिहिलेला कागद जमिनीवर पडला तरी ते आम्हाला उचलून कपाळाला लावायला लावायचे. आणि मी तो लाकडावर उपडा टाकून वरून थापटणार? माझा बाप म्हणाला, गाढवा, उपडा घाल, नाहीतर छाप उलटा येईल. मी म्हटलं, येऊ दे. सरळच चिकटवला. सुरी फिरवली ती थेट त्यांच्या शाईवरून. हे माझं कोरणं नाही दादा, हा त्यांचाच हात आहे, लाकडात उतरलेला.”

खिएमने ठशावरच्या पहिल्या अक्षरावरून बोट फिरवलं.

“पुन्हा कोरायचं ठरवलं असतं तर कोरता आलं असतं,” वुओंग पुढे म्हणाला. “पण मग ती माझी नक्कल झाली असती. म्हणून हाच ठसा वापरत आलो. लोकांना काय, लोकांना वाचता येत नाही. वाचता येणारे तुम्ही एकटे.”

“बाबांनी पाहिला होता छाप?”

“सगळ्यात आधी त्यांनाच दाखवला. मी तर घाबरूनच गेलो होतो. त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि का केलंस म्हणून विचारलंसुद्धा नाही. कागद उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि मागच्या बाजूने वाचला. आपला दो झाडाच्या सालीचा कागद पातळ, आरपार दिसतं. म्हणाले, ठीक आलंय. ज्याला वाचायचं असेल तो उलटून वाचेल. मग म्हणाले, जा, बाहेर खिएम बसलाय, त्याला दाखव. तो उलटून बघेल.”

रस्त्यावरून डुकरं घेऊन जाणारी एक सायकल गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत दोघेही थांबले.

“मी दाखवला,” वुओंग म्हणाला. “तुम्ही हसलात. मी थोडा थांबलोही होतो.”

“मला आठवतंय.”

“नंतर वाटलं, सांगावं. पण तुम्ही असे हसायचात ना, दादा. बक्षीस मिळालं तेव्हा सगळं गाव माझ्या घरी जेवायला होतं, तुम्ही शिंप्याच्या दुकानासमोर उभे राहून चित्र बघत हसत होतात. मग म्हटलं, हसू देत. गुरुजींनी वाचलं होतं, तेवढं पुरलं मला.”

खिएमने हात पुढे केला. “एक छाप दे. काच न लावलेला, पुठ्ठ्यावर न चिकटवलेला.”

वुओंगने आतून एक सुटा कागद आणला. खिएमने तो घेतला आणि सवयीने आधी पुढून पाहिला. खांब, आभाळ, उलटी पाटी. मग त्याने तो उलटा केला आणि उन्हाकडे धरला. कागदाच्या मागून, उजेड झिरपत, वडिलांचा हात वर आला. शेवटच्या अक्षराची शेवटची रेघ जरा कापरी होती. खोकल्याची उबळ आली असेल, असं वैद्य म्हणून त्याच्या लक्षात आलं, आणि तेव्हा बाहेर पडवीत बसून आपण मुळं कापत होतो हेही. “पाहिलं, बाबा,” असं तो त्या संध्याकाळी म्हणाला होता. बाप समाधानाने कुशीवर वळला होता. खिएमला ते आता सहन होईना, आणि त्याने कागद खाली ठेवला.

“हा ठसा सुताराकडे न्यायचा,” तो म्हणाला. “याच्यावर पातळ कागद ठेवून वरून शाईचा बोळा थापला की अक्षरं सरळ निघतात. शिलालेखांची काढतात तशी. मी काढून देतो. पाटी परवा नाही चढली तर नंतर चढेल. देव इतकी वर्षं थांबलाय.”

“तानला काय सांगायचं? आरसा खोटा होता म्हणून? माहितीपत्रक छापायला गेलंय.” वुओंगने टाळूवरून हात फिरवला. “लोक हसतील, दादा.”

“हसतील. समितीतला तो म्हातारा झोपेतसुद्धा हसेल. त्यांना दुसरं येतं काय? तू सांग, मी तुझ्या शेजारी उभा राहतो. मी हसणार नाही.”

वुओंगने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, नाडी बघावी तसं. मग त्याने ठसा कापडात गुंडाळायला घेतला, अर्धवट गुंडाळला, थांबला. टोपी नसली तरी माणूस तोच होता.

“दादा, एक विचारू? नव्या पाटीच्या मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात, माझं नाव घातलं तर? म्हणजे ठसा माझा आहे, म्हणून.”

“घाल की,” खिएम म्हणाला. “फक्त उलटं कोर.”

त्याने कापडाची गाठ स्वतः मारली, ठसा अक्षरांची बाजू वर करून दोन्ही हातांवर घेतला, आणि दोघे सुताराच्या छपरीकडे निघाले.